पंखा नेमका कुणासाठी फिरतो?

मे महिन्यातली रात्र. वीज जाते. डोक्यावरचा पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबतो, खिडकीतल्या कूलरची घरघर विरते, शेजारचा टीव्ही मधेच गप्प होतो. टेबलाखालचा संगणक मात्र यूपीएसच्या जिवावर चालूच असतो, आणि त्या दहा मिनिटांत तो आपल्याला पहिल्यांदा नीट ऐकू येतो. काम काही चालू नाही, पडद्यावर नुसतं एक पान उघडं आहे, तरी आत कुणीतरी जिना चढून आल्यासारखं धापा टाकतंय. ब्राउझरमध्ये नवं पान उघडलं की पंखा चढतो, चार सेकंदांनी उतरतो, पुन्हा चढतो.

हा आवाज आपण वर्षानुवर्षं गृहीत धरलेला असतो. प्रोसेसर तापतो म्हणून पंखा फिरतो, पंखा फिरतो म्हणून आवाज होतो. यात खोटं काही नाही. पण पंखा जितका फिरतो तितका फिरायची गरज होती का, हे सहसा कुणी विचारत नाही. डेस्कटॉप प्रोसेसर थंड आणि शांत कसा ठेवावा यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत झालेले प्रयोग, वाद आणि बाजारात आलेल्या वस्तू एकत्र मांडून पाहिल्या, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: आपल्या खोलीतला बराचसा आवाज प्रोसेसरने न मागितलेल्या थंडाव्यासाठी चाललेला असतो.

इस्त्रीच्या वीसपट

घरातली इस्त्री साधारण १००० वॅटची. तिचा तळ अंदाजे २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे ५ वॅट. आता रायझन ५ ७६०० हा मधल्या पट्टीतला प्रोसेसर घ्या. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण कंपनीच्याच मर्यादेप्रमाणे तो ८८ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. यातली बहुतेक उष्णता ज्या सिलिकॉनच्या तुकड्यात तयार होते तो जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरमागे १०० वॅटच्या आसपास, म्हणजे इस्त्रीच्या वीसपट. एकूण उष्णता फार नाही. एवढ्याशा भोकातून ती बाहेर काढायची, ही खरी पंचाईत.

ही उष्णता मुख्यतः येते ट्रान्झिस्टरच्या अखंड उघडझापीतून. तिचं गणित सोपं आहे: वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला ‘वर्ग’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवत नेलं, तर तेवढ्याच जागेतली उष्णता तेवढीच राहते. या नियमाने उद्योगाला जवळजवळ तीस वर्षं सांभाळलं. २००५ च्या सुमारास व्होल्टेज उतरायचं थांबलं, आणि नियमाची साथ सुटली.

पंधरा वॅटपासून अडीचशेपर्यंत

१९९३ चा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट घ्यायचा. त्याच्यावरचा चिमुकला पंखाही तेव्हा अनेकांना चैन वाटत असे. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक चित्रफीत दाखवली. चालू संगणकातल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा, काढून टाकला तर काय होतं? पेंटियम ४ ने आपला वेग उतरवला आणि तगून राहिला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही सेकंदांत धूर सोडून मेला. तापमान मोजून स्वतःला आवरण्याची सोय प्रोसेसरच्या आतच हवी, हे त्या धुराने सगळ्यांना पटवलं.

त्या काळात शांततेचा विचार फार थोड्यांच्या मनात होता. ६० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ७००० फेऱ्यांनी कोकलायचा, आणि हौशी मंडळी त्याचा अभिमान बाळगायची. २००४ साली इंटेलचा ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ आला. त्याच्या सर्वांत वेगवान आवृत्तीने ११५ वॅटचा आकडा गाठला. त्याच वर्षी इंटेलने त्याचा वारसदार ‘तेजस’ रद्द केला. (नाव आपल्या ओळखीचं, तेज मात्र आवरेना.) अ‍ॅपलने त्याच साली पॉवर मॅक जी५ च्या वेगवान आवृत्तीला पाण्याने थंड करायला घेतलं. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ ६५ वॅटमध्ये जास्त काम करू लागला, तेव्हा कुठे जगाने सुस्कारा सोडला.

तो सुस्कारा आता संपला आहे. कोअर आय९-१४९००के ची मूळ पातळी १२५ वॅट आहे, पण पूर्ण जोरात कंपनीच त्याला २५३ वॅटची परवानगी देते. रायझन ९ ७९५०एक्स वर १७० लिहिलेलं असतं आणि तो २३० पर्यंत जातो. खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षातली ओढ यांतलं हे अंतर ध्यानात न घेता कूलर विकत घेणं, हे आवाजाच्या तक्रारीचं एक नेहमीचं मूळ आहे.

एक कूलर खिडकीत, एक प्रोसेसरवर

विदर्भात ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीतला, वाळ्याच्या ताट्यांचा, पाणी शिंपडणारा. प्रोसेसरवरच्या कूलरचं नाव तेच, धर्म वेगळा. खिडकीतला कूलर पाण्याचं बाष्प करून बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा आत सोडतो. प्रोसेसरवरचा नेहमीचा कूलर कितीही महाग असो, खोलीच्या तापमानाखाली एक अंशही उतरू शकत नाही. तो उष्णता नष्ट करत नाही, इथून उचलून तिथे टाकतो, बस. प्रोसेसरने १५० वॅट घेतले तर १५० वॅट तुमच्या खोलीत येणारच. एक माणूस स्वस्थ बसला तरी ८०-१०० वॅट उष्णता देतो. त्या हिशेबाने टेबलाखाली दीड पाहुणा कायमचा मुक्कामाला आहे असं समजा.

टॉवरच्या आकाराच्या आजच्या कूलरमध्ये ही उचलठेव करणारा खरा गडी म्हणजे हीटपाइप. तांब्याची बंद नळी, आत थोडंसं पाणी, हवा काढून टाकलेली, आणि नळीच्या आतल्या भिंतीवर सच्छिद्र तांब्याचा थर. याचं काम मोदकपात्रासारखं चालतं. खाली आच लागली की पाण्याची वाफ होते, वर जाते, थंड झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि ते परत खाली येतात. फरक एवढाच की हीटपाइपमध्ये दाब कमी असल्याने पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाही, आणि परतीचा प्रवास सच्छिद्र थरातून होतो, त्यामुळे नळी आडवी असली तरी चालते. ही कल्पना जनरल मोटर्सच्या गॉगलर यांनी १९४२ मध्ये पेटंटसाठी मांडली होती. १९६३ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा घडवली. आज ती संगणकाच्या कुठल्याही दुकानात सहज मिळते.

नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची चळत आणि तिच्यातून हवा ढकलणारा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा, हा साचा गेल्या वीस वर्षांत फारसा बदललेला नाही. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा २०१४ चा दोन टॉवरचा कूलर दीर्घकाळ मापदंड मानला गेला. पंख्यांसह त्याचं वजन सव्वा किलोच्या वर, उंची १६५ मिलिमीटर, आणि रंग असा की बघणाऱ्याला कॉफी सांडल्यासारखी वाटावी. मग थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसई सारखे सहा नळ्यांचे स्वस्त कूलर आले, आणि थोड्या अंशांच्या फरकासाठी कितीतरी पट पैसे का मोजायचे हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. महाग पंख्याची शांतता आणि टिकाऊपणा खरा आहे. पण तापमानाच्या बाबतीत वरच्या टोकाची दरी आता फार उथळ झाली आहे. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा. आणलेला कूलर आत बसला, पण बाजूचं झाकण लागेना, अशी फजिती नेहमीची आहे.

आवाजाचं उलटं गणित

शांततेची गुरुकिल्ली पंख्याच्या गणितात आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी वाहते. आवाज मात्र त्याहून कितीतरी जास्त पडतो, साधारण १५ डेसिबलने. दहा डेसिबलची घट कानाला ‘आवाज अर्धा झाला’ अशी वाटते, म्हणजे पंधरा ही भरघोस घट झाली. आता तसाच दुसरा पंखा शेजारी लावा. दोन सारख्या आवाजांची बेरीज फक्त ३ डेसिबलने वाढते. म्हणजे दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवून एका पंख्याइतकीच हवा मिळते, आणि आवाज तरीही सुमारे १२ डेसिबलने कमी. प्रत्यक्षात पट्ट्यांच्या अडथळ्यामुळे हिशेब इतका चोख बसत नाही, पण कल तोच. मोठा पंखा सावकाश फिरवा, लहान पंखा जोरात फिरवू नका. या विषयातलं निम्मं शहाणपण एवढंच आहे. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० च्या पंख्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं, म्हणून जुन्या चिमुकल्या पंख्यांची सद्दी संपली.

डेसिबलचा आकडा मात्र सगळं सांगत नाही. एकसुरी, मंद वाऱ्याचा आवाज कान पाच मिनिटांत विसरतो. बेअरिंगची करकर, एखादा सूर धरून बसलेली शीळ, आणि सर्वांत वाईट म्हणजे चढउतार, हे कान विसरत नाही. साधं बुशवालं बेअरिंग उष्णतेत वंगण सुकलं की वाजू लागतं. तेलाच्या थरावर तरंगणारं बेअरिंग जास्त वर्षं गप्प राहतं. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड सेकंदाला २५ हजार वेळा इशारा देऊन ठरवतो. हा आकडा मुद्दाम माणसाच्या कानाच्या कक्षेबाहेरचा निवडलेला आहे, नाहीतर पंख्याचं नियंत्रणच गुणगुणलं असतं.

चढउताराचं कारण आजच्या प्रोसेसरच्या स्वभावात आहे. एखादं पान उघडायचं असलं तरी तो क्षणभर पूर्ण वेग घेतो, आतला एखादा कोपरा एकदम पंधरा-वीस अंशांनी तापतो, आणि काम संपताच थंड होतो. कूलरचा किलोभर धातू एवढ्यात कोमटही होत नाही. मदरबोर्ड मात्र प्रोसेसरमधला आकडा बघून पंख्याला पळायला सांगतो. धातू थंडच, पंखा पळतोय: वीज गेल्यावर ऐकू आलेली धाप ती हीच.

पाण्याची बाजू

पाण्याने थंड करणं ही मूळची बड्यांची हौस. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक तर सर्किटांसकट फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला असे. घरगुती संगणकात आज मिळतो तो बंद नळ्यांचा तयार संच: प्रोसेसरवर पंप, दोन नळ्या, आणि कॅबिनेटच्या छताला किंवा पुढे लावलेला रेडिएटर. डेन्मार्कच्या असेटेकने बनवलेला आणि कॉर्सेअरने २००९ मध्ये विकलेला एच५० हा यांतल्या पहिल्या लोकप्रिय संचांपैकी एक.

तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता साठवतं. त्यामुळे थोड्या वेळाचा भार आला तर पाणी तो गिळून टाकतं आणि पंख्यांना पळावं लागत नाही. तास दोन तास सलग व्हिडिओ रेंडर चालू राहिला की मात्र पाणीही तापतं, आणि शेवटी प्रश्न उरतो तो रेडिएटरचं क्षेत्रफळ आणि पंख्यांचा वेग यांचाच. २४० मिलिमीटरचा रेडिएटर आणि चांगला दोन टॉवरचा हवेचा कूलर यांची बरोबरी अनेकदा तोलामोलाची होते. पाण्याचा खरा फायदा ३६० मिलिमीटरच्या आकारात, आणि २०० वॅटच्या वरच्या प्रोसेसरवर.

त्याची किंमत तीन रूपांत चुकवावी लागते. पंपाचा स्वतःचा बारीक सूर असतो, आणि तो पंख्यासारखा थांबवता येत नाही. नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं, आत हवा शिरते. आणि रेडिएटर पंपाच्या खाली बसवला तर ती हवा पंपात साचते, मग हुक्क्यासारखी गुडगुड सुरू होते. रेडिएटरचा माथा पंपापेक्षा उंच ठेवणं हा साधा उपाय, तरी तयार करून दिलेल्या यंत्रांतही उलटा बसवलेला दिसतो. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा. तो बदलला की कूलर नवा. पाण्याच्या संचाचा पंप गेला की सगळा संच गेला.

पंखाच नको म्हणणारे

शांततेचं टोक म्हणजे पंखा काढून टाकणं. अ‍ॅपलचा जी४ क्यूब २००० साली पंख्याशिवाय आला: खालून गार हवा आत, वरून तापलेली बाहेर, चुलीच्या धुराड्यासारखी. वर्षभरात तो बंद झाला, पण कल्पना टिकली. नॉक्टुआने २०२१ मध्ये एनएच-पी१ हा बिनपंख्याचा कूलर आणला. जाड पट्ट्या, पट्ट्यांत मोकळं अंतर, वजन पावणेबाराशे ग्रॅमच्या घरात. ६५ वॅटच्या प्रोसेसरला, मोकळ्या कॅबिनेटमध्ये, गार खोलीत तो शोभतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये मात्र आपोआप वर जाणाऱ्या हवेचा जोर फारच तुटपुंजा पडतो. मिनिटाला ४००-५०० फेऱ्यांनी फिरणारा मोठा पंखा कानाला जवळजवळ ऐकू येत नाही आणि वाहणाऱ्या हवेचा मोठा आधार देतो. त्यामुळे पूर्ण नकारापेक्षा ‘असून नसल्यासारखा’ पंखा बहुतेकांना परवडतो.

पेस्टचा अंतहीन वाद

प्रोसेसरची टोपी आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी दोन्हींवर सूक्ष्म खड्डे असतात, आणि त्यांत हवा अडकते. ती घालवायला मधे पेस्ट लावतात. तांब्याची उष्णता वाहून न्यायची क्षमता ४०० च्या घरात, पेस्टची साधारण ५ ते १०, आणि हवेची ०.०२६. पेस्ट तांब्यापुढे अगदीच गरीब, पण हवेपुढे कुबेर. म्हणून ती खड्डे भरण्यापुरतीच हवी, विड्याच्या पानाला चुना लावतात तेवढी. वाटाण्याएवढा ठिपका ठेवावा की फुली काढावी, यावर माणसं तासन्‌तास भांडतात. प्रत्यक्षात स्क्रू नीट आवळले की दाबाने ती पसरतेच, आणि फरक एखाद्या अंशाचा पडतो.

वर्षानुवर्षांच्या ताप-निवण्यात पेस्ट कडेला सरकते आणि सुकते. म्हणून हनीवेलच्या पीटीएम७९५० सारख्या पट्ट्या लोकप्रिय झाल्या: थंड असताना घट्ट, ४५ अंशांच्या सुमारास मऊ होऊन फटीत बसणाऱ्या. गॅलियमचा द्रव धातू त्याहून सरस, पण तो अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खातो आणि मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट करतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यांत महागडी चूक मात्र पेस्टच्या निवडीत नसते. माझ्या आत्तेभावाचा नवा संगणक दुकानातूनच जोडून आला होता. चालू केला की मिनिटभरात पंखा किंचाळायचा. ‘एवढा भारी प्रोसेसर आहे, आवाज होणारच,’ असं दुकानदाराने सांगितलं. रविवारी आम्ही तो टेबलावर आडवा घेतला. दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ केली, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळूच डावीकडे-उजवीकडे पिळला. सरळ वर ओढला असता तर जुन्या रायझनसारखा पिनांचा प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून आला असता, आणि वाकलेल्या पिना सरळ करत आमची संध्याकाळ गेली असती. कूलर सुटला. तळावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच होती, तिच्यावर ‘बसवण्याआधी काढा’ अशी सूचना, आणि सूचनेवर व्यवस्थित पसरलेली पेस्ट. भाऊ काही बोलला नाही. नखाने फिल्म सोलली आणि तिची घडी करून खिशात ठेवली. दुकानदाराला दाखवायला.

कॅबिनेट, धूळ आणि आपला उन्हाळा

कूलर कितीही चांगला असला तरी त्याला मिळणारी हवा कॅबिनेटमधली. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, हा सरळ प्रवाह सर्वांत गुणी. समोर जाळी असलेलं कॅबिनेट आणि समोर चकाचक काच असलेलं कॅबिनेट यांत काच दिसायला देखणी, पण पंख्याला नाक दाबून धावायला लावणारी. आवाज शोषणाऱ्या फोमचं बंद कॅबिनेट हा एकेकाळचा मानाचा उपाय होता. आता कल जाळीकडे आहे, कारण आतली हवा मोकळी असली की पंखे मुळातच सावकाश चालतात, आणि जो आवाज झालाच नाही तो अडवायला फोम लागत नाही.

परदेशातल्या परीक्षणांत खोलीचं तापमान बहुधा वीस ते पंचवीस अंशांत ठेवलेलं असतं. नागपुरात मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो, आणि दुपारी खोलीत ३८ सहज. कूलर खोलीच्या वर किती अंश, एवढंच ठरवू शकतो. परीक्षणातला ७० चा आकडा आपल्याकडे त्याच पंख्यावर ८५ च्या आसपास दिसणार. हा कूलरचा दोष नाही, ऋतूचा आहे.

धुळीचं तसं नाही. कॅबिनेट उघडून कूलरचा पंखा सोडवला की पंखा आणि पट्ट्या यांच्या मध्ये करड्या नमद्यासारखी गादी सापडते. तिच्यात कापसाचे तंतू, उदबत्तीची काजळी, फोडणीचा तेलकट धूर आणि केस असा सगळा संसार असतो. कधी कोपऱ्यात पालीचं अंडंही. बाहेरून पट्ट्या स्वच्छ दिसतात, म्हणून पंखा काढल्याशिवाय हा नमदा कळत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. हवेच्या झोताने त्याला भिरभिरू दिलं तर बेअरिंग दुखावतं. कॅबिनेट जमिनीवरून वीतभर उचलणं आणि पुढच्या जाळीमागे धुता येणारं फिल्टर लावणं, यासारखा स्वस्त उपाय नाही.

एवढं करूनही आवाज उरला तर पंखे एकेक करून बोटाने क्षणभर थोपवून ऐका. मधल्या गोल भागावर बोट हलकं टेकवायचं, पात्यांत बोट घालायचं नाही. कित्येकदा गुन्हेगार प्रोसेसर नसतोच. ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएसचा पंखा किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क निघते.

मुळात न तापवणं

आता त्या ‘वर्गा’कडे येऊ. समजा प्रोसेसरचा वेग १० टक्क्यांनी उतरवला, आणि त्यामुळे व्होल्टेजही १० टक्क्यांनी उतरवता आलं. ०.९ चा तीनदा गुणाकार करा: ०.७२९. काम दहा टक्के कमी, उष्णता सत्तावीस टक्के कमी. उलट दिशेनेही हेच खरं. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी प्रोसेसर वीज अक्षरशः उधळतो, आणि कंपन्या तो तसाच विकतात, कारण परीक्षणांच्या तक्त्यात पहिला नंबर त्या शेवटच्या तुकड्यावर ठरतो.

म्हणून आवाजाचा सर्वांत प्रभावी उपाय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये आहे, आणि तो फुकट आहे. एएमडीच्या मदरबोर्डवर ‘इको मोड’ निवडला की प्रोसेसर ठरवलेल्या खालच्या वॅटमर्यादेत राहतो. इंटेलच्या बाजूला लांब पल्ल्याची आणि थोड्या वेळाची अशा दोन मर्यादा असतात. कित्येक मदरबोर्ड त्या मुळातच सैल सोडून देतात, त्या कंपनीच्या आकड्यांवर आणून ठेवाव्यात. बायोसची भीती वाटत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करा. बहुतेक यंत्रांवर एवढ्याने टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर घेतलेली झेप, थांबतो आणि पंख्याचा जीव भांड्यात पडतो.

व्होल्टेज हा नुसता आवाजाचा विषय नाही, हे २०२४ मध्ये दिसलं. इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता हे त्यामागचं कारण असल्याचं कंपनीनेच सांगितलं, ऑगस्टमध्ये बायोसमधून येणारा दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढीचा प्रोसेसर असेल तर कूलर बदलण्याआधी बायोस अद्ययावत करणं जास्त निकडीचं.

याउलट तापमानाची भीती बरीचशी अनाठायी. १४९००के ची मर्यादा १०० अंश आहे. ७९५०एक्स तर पूर्ण भारात ९५ पर्यंत जाईल अशाच बेताने बनवलेला आहे, असं एएमडी सांगते. मर्यादेला टेकला की तो आपणहून वेग थोडा उतरवतो, जळत नाही. २००१ च्या त्या धुराचा धडा सगळ्यांनी गिरवला आहे. तरीही ८० अंश दिसले की आपल्या पोटात गोळा येतो, कारण तो आकडा आपण तापात फणफणलेल्या माणसाच्या अंगाशी ताडून पाहतो. ८० चे ६५ करायला पंख्याला जेवढं ओरडावं लागतं, त्याचा प्रोसेसरला फारसा फायदा नाही आणि आपल्याला निव्वळ तोटा.

क्रम असा लावावा

या सगळ्याचा गोषवारा करायचा तर खर्चाचा क्रम उलटा लावावा लागतो. लोक आधी कूलर विकत घेतात आणि बायोस शेवटी उघडतात, किंवा कधीच नाही. आधी धूळ काढा. मग वॅटची मर्यादा ठरवा. मग पंख्याचा आलेख हाताने आखा: ६५ अंशांपर्यंत पंखा आपल्याला ऐकू येणार नाही अशा एकाच वेगावर स्थिर, तिथून ८५ पर्यंत हळूहळू चढता, त्यापुढे पूर्ण. वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय बहुतेक बायोसमध्ये असते, ती चालू करा. चढउताराची धाप तिथेच संपते. एवढ्यावर भागलं नाही तर, आणि बरेचदा भागतं, खोक्यातला छोटा कूलर काढून चार किंवा सहा नळ्यांचा टॉवर घ्या. पाण्याकडे वळायचं ते २०० वॅटच्या वर काम करणाऱ्यांनी. आणि नवा प्रोसेसर घेताना खोक्यावरच्या आकड्याऐवजी त्याची कमाल ओढ विचारा. रोजचं लिहिणं, हिशेब, सिनेमा आणि फावल्या वेळचा खेळ यांसाठी खोक्यावर ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर पुरून उरतो.

परवा रात्री पुन्हा वीज गेली. डोक्यावरचा पंखा थांबला, खिडकीतला कूलर थांबला. मी कान देऊन टेबलाखाली वाकलो. तापमानाचा आकडा ८१ होता, हवेची अगदी बारीक सळसळ होती, आणि तिच्यावरून यूपीएसची टीं-टीं एवढी ठणठणीत वाजत होती की शेवटी संगणक मीच बंद केला.